काही होत नाही

जुलै संपत आला होता. सकाळचे साडेसहा वाजले असतील, अन् मी उंडीला घेऊन आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभी होते. कोपरा म्हणजे काय, एक डीपी, पाइपलाइनसाठी खणून अर्धवट बुजवलेला चर, आणि दूध डेअरीकडं वळणारा रस्ता. तिथं येऊन उंडी थांबली, चारी पाय रोवून. मला ऑफिसला उशीर होत होता, दूध घ्यायचं राहिलं होतं, म्हणून मी पट्टा ओढला आणि म्हणलं, चल गं, काही होत नाही. ती हलली नाही. मी परत ओढला, जरा जोरात, परत तेच म्हणलं. तेव्हा ती उभ्या उभ्याच मुतली. खाली बसली नाही, जागेचा वास घेतला नाही, काही नाही. डोळे डेअरीच्या रस्त्याकडं लागलेले, जिथं त्या वेळेला एकही कुत्रं नव्हतं, फक्त एक सायकल टेकवलेली होती. मागच्या पायावरून ओघळ खाली आला तरी तिला त्याचं भान नव्हतं.

घरी आणून पाय धुतले, टॉवेलनं पुसले, ती बाथरूमच्या कोपऱ्यात तोंड करून बसली. मी ऑफिसला गेले. पण ते "काही होत नाही" दिवसभर डोक्यातून जाईना. कारण ते मी आयुष्यात आधीही एकदा म्हणलेलं होतं, याच आवाजात, असंच ओढत, आणि तेव्हाही समोर असंच झालं होतं.

त्याच्याकडं येते. आधी उंडीचं सांगते.

उंडी आम्हाला येळवशीला, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येच्या सणाला, सापडली. शेतात भज्जी-आंबील झाल्यावर सगळे लवंडलेले, पोरं पतंगाच्या मागं, आणि कडब्याच्या कोपीमागं हे मुठीएवढं पिल्लू गोल होऊन पडलेलं, बाजरीच्या उंड्यासारखं, रंग पण तोच. पोरांनीच उंडी नाव ठेवलं. लातूरला आणली, आता तिला चौथं वर्ष लागलंय. गावठी कुत्री, अंगानं बारीक, गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांशी ओळख, डेअरीवाल्याकडून मलईची साय वसूल करणारी. रस्त्यावरून शेपटी वर करून चालायची. ती वर केलेली शेपटी मला रोज दिसायची म्हणून मी तिच्याकडं कधी नीट बघितलंच नव्हतं.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर दोन दिवसांनी ते झालं. कोपऱ्यापलीकडं एका नव्या बांधकामावर राखणीला एक मोठा कुत्रा बांधलेला असतो. दिवसभर दोन हाताच्या साखळीला, वर पत्रा, खाली खडी. त्या सकाळी साखळी निसटली. मला फक्त एवढं आठवतं की भुंकणं ऐकू आलं नाही. नुसता खडीवरचा पायाचा आवाज आला आणि उंडी माझ्या हातातल्या पट्ट्यासकट खाली गेली. त्यानं तिला मानेमागून धरून झटकलं, ओला कपडा झटकतात ना, तसं. तिचा आवाज कुत्र्यासारखा नव्हता. मी मधी हात घातला, जे कधीच करू नये, भांडणात कुत्र्याला हात कुणाचा हे कळत नाही, माझ्या मनगटाला दात लागला. शेवटी डेअरीवाल्यानं कॅन धुवायची अख्खी बादली त्याच्या तोंडावर ओतली तेव्हा तो सुटला. आणि सुटल्यावर तोच कुत्रा बावरून उभा राहिला, पाणी गळत होतं, तुटकी साखळी गळ्यात. त्याची पण मला तेव्हा चीड आली नाही, अजून येत नाही. दिवसभर दोन हात जागेत जगणाऱ्याला दुसरं काय येणार.

जखमा बघून मला वाटलं होतं, दोनच तर भोकं आहेत. डॉक्टरांनी केस काढले आणि दाखवलं. कुत्र्याच्या मानेची कातडी सैल असते, झटकलं की वरून दाताएवढंच भोक दिसतं पण आतलं मांस कातडीपासून सुटून खिसा तयार होतो, त्यात घाण साचते. त्यांनी सलाईननं धुतलं, पू बाहेर यायला नळी ठेवली, वर्षाचं रेबीजचं इंजेक्शन झालेलं असूनही लगेच परत एक दिलं. मला म्हणाले, मॅडम, हिचं बघतो मी, तुम्ही आधी नळाखाली हात धरा, साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग माझ्या सुया सुरू झाल्या, ०, ३, ७, १४, २८ असे दिवस कॅलेंडरवर गोल करून. २८वा दिवस झाला तोवर उंडीच्या मानेवर नवे केस आले होते, काळपट, मऊ. डॉक्टर म्हणाले, झाली बरी.

पण ती बरी झालेली नव्हती.

आधी मला कळलंच नाही की हे काय आहे. ती फाटकापर्यंत यायची आणि जांभई द्यायची. मी म्हणायचे, झोप झाली नाही वाटतं. जीभ सारखी नाकावरून फिरवायची, मी म्हणायचे, भूक लागली. अंग कोरडं असताना पावसात भिजल्यासारखी झटकायची. मान न वळवता डोळे कडेला नेऊन बघायची, डोळ्याची पांढरी चंद्रकोर दिसायची. लांब कुठंतरी खाडगाव रोडच्या बाजूला कुत्रं भुंकलं की पलंगाखाली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बाहेर असताना खायची नाही. उकडलेलं अंडं नाकासमोर धरलं तरी जसं काही दगड धरलाय. घरात आल्या आल्या तेच अंडं दोन घासात गायब. गल्लीत सगळ्यांकडं इलाज होता. समोरच्या काकू म्हणाल्या, "लई लाड करायलाव तुमी तिचे, जवळ घ्यायलाव म्हणून भित्री व्हायलीय." एकानं सांगितलं, त्याच कुत्र्यासमोर दहा मिनिटं बांधून ठेवा, रडंल, गप बसंल, भीती मोडंल. मला ते पटत नव्हतं, पण मी कोपऱ्यावर जे केलं ते वेगळं काय होतं? थोडं कमी होतं, एवढंच.

बहिणीचा मुलगा उदगीरला व्हेटर्नरी कॉलेजला आहे. रविवारी आला तेव्हा त्याला हे मुतण्याचं सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, मावशी, पावलोव्हचं माहितीय ना तुला, घंटी वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी. म्हणलं, शाळेत होतं. तो म्हणाला, त्याच्या पुढचं शाळेत नसतं. १९२४ साली लेनिनग्राडला मोठा पूर आला, पावलोव्हची कुत्री पिंजऱ्यात होती, पाणी चढत गेलं, माणसांनी त्यांना ओढून पोहत पोहत बाहेर काढलं. कुत्री जगली, पण त्यातली काही आधी शिकलेलं सगळं विसरली. काही दिवसांनी काही कुत्री परत ताळ्यावर आली. मग एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडंसं पाणी सोडून बघितलं. थोडंसं, फरशी ओली होईल एवढंच. कुत्रं परत पहिल्यासारखं. थरथर, खाणं बंद, सगळं शिकलेलं परत गेलं.

तो भाकरी मोडत बोलत होता आणि माझा हात तसाच राहिला. दाराखालून आलेलं थोडंसं पाणी. मला फळीवरची भांडी ऐकू आली.

आमचं गाव औसा तालुक्यात. भूकंपात किल्लारीएवढं आमचं गेलं नाही, पण घरं पडली, माणसं गेली. मी बारा वर्षांची होते. गणपती बुडवून सगळे उशिरा झोपलेले, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, ही वेळ आमच्याकडं लहान लेकराला पण पाठ असते. दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद, उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून पिढ्यानपिढ्या थरावर थर देत आलेलं, तेच माळवद झोपलेल्या माणसावर आलं. आज्जी अर्धी गाडली गेली होती. आप्पांनी हातानं माती उकरून काढली. पायाला लागलं होतं ते दोन महिन्यांत भरलं. तेव्हा पण डॉक्टर म्हणले असतील, झाली बरी.

आज्जी त्यानंतर घरात झोपली नाही. आधी पत्र्याचे शेड होते तोवर कुणाला काही वाटलं नाही, सगळेच बाहेर झोपायचे, बारीक धक्के येतच होते. पण नवीन घर झालं, सळईचं, स्लॅबचं, सगळे आत आले, आज्जी अंगणात. थंडीत वाकळा घेऊन, पावसात बाजेवर ताडपत्री ओढून. दिवसा आत यायची, सैपाक करायची, पण कान फळीकडं. आमच्या घरावरून एसटी गेली की फळीवरची पितळी भांडी एकमेकाला लागून बारीक किणकिणायची, आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही इतका रोजचा, आणि आज्जी हातातलं पीठ तसंच घेऊन अंगणात. परातीपासून दारापर्यंत पिठाची रेघ. आम्ही पोरं हसायचो. मोठी माणसं समजावून सांगायची, की हे घर पडत नाही, इंजिनियरनं सांगितलंय, बघ किती सळई घातलीय. ती मान हलवायची. तिला ते सगळं मान्य होतं. तरी रात्री बाज अंगणात.

मी पंधरा वर्षांची असताना एका रात्री लई पाऊस आला. ताडपत्री उडाली. आम्ही चुलत भावंडं उठलो आणि आज्जीसकट बाज उचलून घरात आणली. हसत हसत. ती म्हणत होती, "दार लावू नको माय, एवढं दार लावू नको." पाऊस आत येत होता म्हणून मी दार लावलं, वरची कडी घातली आणि म्हणलं, झोप आज्जी, काही होत नाही. सकाळी मी पहिली उठले. आज्जी बाजेवर नव्हती. दाराला पाठ लावून खाली बसली होती, एक हात वर कडीकडं, तिचा हात कडीला पुरत नव्हता. लुगडं ओलं होतं. पावसाचं नव्हतं ते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि काहीच बोलली नाही. मी कडी काढली, ती गेली, न्हाणीत गेली. मी फरशी पुसून घेतली आणि ते कुणालाच सांगितलं नाही, आजपर्यंत. आज्जी जाऊन वीस वर्षं उलटली.

आप्पांना काय कळलं, कसं कळलं माहीत नाही. दोन-तीन दिवसांनी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि त्या दाराची कडी काढून टाकली. वरची, खालची, दोन्ही. काहीच बोलले नाहीत. स्क्रूची चार-चार भोकं दारावर राहिली. नंतर थंडीत कधीतरी आज्जीची बाज ओसरीत आली. मग एक दिवस उंबऱ्याच्या आत, उशी दाराकडं करून. कुणी आणली नाही, तिची तिनंच ओढली, बाजेच्या पायांचे ओरखडे होते फरशीवर. त्याच्या आत ती कधी आली नाही, शेवटपर्यंत तिथंच झोपली, आणि रात्री दार वाऱ्यानं हलायचं.

तर उंडी. भाच्यानं दोनच गोष्टी सांगितल्या. एक, ती जिथं खाते तिथवरच जा. खाणं थांबलं म्हणजे तू तिला फार जवळ आणलंस. कुत्रं दिसतंय, पण ती खाऊ शकतेय, एवढं अंतर शोध, मग ते शंभर फूट असो नाहीतर दोनशे. दुसरं, आधी कुत्रं, मग खाऊ. कुत्रं दिसलं की खाऊ सुरू, कुत्रं गेलं की बंद. त्याच १९२४ सालात अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईनं पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या पोराची सशाची भीती अशीच काढली होती म्हणे, पोरगं आवडीचं खात बसलेलं आणि ससा पिंजऱ्यात लांबून, रोज थोडा थोडा जवळ.

ऐकायला सोपं आहे. आमचं अंतर निघालं आमच्या गच्चीवर! म्हणजे रस्त्यावर असं अंतरच नव्हतं. पहिले पंधरा दिवस आम्ही दोघी सकाळ-संध्याकाळ गच्चीवर बसायचो, खालून कुत्रं गेलं की चिकनचा तुकडा. मग गेटच्या आत. मग सुट्टीच्या दिवशी गाडीत घालून मोकळ्या प्लॉटवर, जिथं लांबवर दिसतं. आणि तिथं मी एक चूक करत होते ती मला आठ दिवस कळली नाही. मला लांबून कुत्रं येताना दिसायचं, उंडीच्या आधी, आणि मी घाईघाईनं स्टीलचा डबा उघडायचे. म्हणजे आधी डबा, मग कुत्रं. एक दिवस घरात नवऱ्यानं त्याच डब्यातून शेंगदाणे काढायला झाकण उघडलं, नुसता तो टक् आवाज, आणि उंडी पलंगाखाली गेली. डबा म्हणजे आता कुत्रं येणार. मी तिला भांड्यांचा आवाज शिकवला होता. त्या दिवशी मला फार रडू आलं, नवऱ्याला कळेना शेंगदाण्यात रडण्यासारखं काय आहे.

डबा बदलला. कापडी पिशवी केली, कमरेला. हात पिशवीत घालायचाच नाही जोवर तिचे कान फिरत नाहीत. आणि पट्टा. कुत्रं दिसलं की माझा हात आवळायचा, मनगटावरचा व्रण ताणायचा, तो ताण पट्ट्यावरून सरळ तिच्या गळ्यात. भीत मी पण होते. मी लांब दोरी घेतली, दहा-बारा फुटांची, आणि हात सैल ठेवायला शिकले, अंगठा सोडून, बोटं उघडी. ती थांबली की मी थांबायचं. ती वळली की मी वळायचं, दूध राहिलं तर राहिलं. कधी कधी भाकरीचा चुरा गवतात टाकायचे, ती नाक खाली घालून शोधत बसायची, आणि नाक चालू असलं की तिचं अंग हळूहळू सुटायचं, पाठीवरचे उभे केस बसायचे. भाद्रपदात कुत्र्यांचा हंगाम, गल्लीत रात्रंदिवस भांडणं, तेव्हा सगळं परत मागं गेलं, पार गच्चीपर्यंत. मी चिडले नाही असं नाही. एका दिवशी चिडून बसले. पण ओढलं नाही.

या सगळ्यात मला नामदेव महाराजांची गोष्ट सारखी आठवायची. हिंगोलीकडचं नर्सी त्यांचं गाव, आमच्या मराठवाड्याचेच ते, आणि ही गोष्ट आज्जी सांगायची, की कुत्र्यानं भाकरी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नको रे बाबा. लहानपणापासून मी ती महाराजांच्या बाजूनं ऐकली. आता गच्चीवर बसून मी त्या कुत्र्याकडं बघायला लागले. त्याला काय दिसत असेल? तोंडात चोरलेली भाकरी, मागं पळत येणारा माणूस, त्याच्या हातात काहीतरी. वाटी आहे का दगड हे पळणाऱ्याला मागं वळल्याशिवाय कसं कळणार. गोष्टीत पुढं त्याला तूप मिळतंच. पण मला वाटतं महाराज कुठंतरी थांबले असतील, वाटी खाली ठेवून बसले असतील, मगच ते कुत्रं आलं असेल. असं कुणी सांगितलेलं नाही, माझंच आहे हे.

या येळवशीला आम्ही तिला शेतात नेलं. न्यायचं का नाही यावर घरात दोन दिवस चर्चा, कारण येळवशीला शिवारभर माणसं, आणि माणसांमागं कुत्री, सगळ्यांना भज्जीचा वास. गाडी कोपीपासून लांब लावली आणि मागचं दार उघडं ठेवलं, तिची गोधडी सीटवर. पहिला तासभर ती उतरलीच नाही. पोरं हाका मारत होती, मी म्हणलं, राहू द्या. आम्ही पांडव पुजले, रानात आंबील शिंपडली, पंगत बसली. शेजारच्या शेतातलं एक म्हातारं पिवळं कुत्रं येऊन बांधावर बसलं, ओळखीचं आहे ते, गरीब.

उंडी उतरली. त्याला बघून परत गाडीत गेली. परत उतरली. थोडी पुढं येऊन हरभऱ्याच्या कडेला थांबली, परत गाडीत. तिसऱ्यांदा उतरली तेव्हा नाक खाली होतं, ते कुत्रं जिथून चालत बांधावर गेलं होतं ती वाट ती वासानं वाचत येत होती, हळूहळू, एकेका ढेकळाला थांबत. शेपटी वर नव्हती पण पोटाखाली पण नव्हती. माझ्या पत्रावळीशी आली. पिवळं कुत्रं पंधरा-वीस फुटांवर, तोंड दुसरीकडं करून. माझ्या ओठावर काहीतरी आलं होतं, ते मी गिळलं. उंडा मोडला, भज्जीत बुडवला नाही, तसाच कोरडा, आणि जमिनीवर ठेवला. तिनं मागं वळून गाडीकडं बघितलं. दार उघडं होतं. मग तिनं मान खाली घातली आणि खायला लागली, एक कान बांधाकडं ठेवून.